शहराच्या सहा वाटा आणि आपली फटफटी

छत्रपती संभाजीनगर तुम्ही पाहिले असेलच. कोणी बाजाराला गेले असेल, कोणी कोर्टकचेरीला, कोणी घाटी दवाखान्यात दाखल असलेल्या पाहुण्याचा डबा घेऊन, तर कोणी वेरूळ-अजिंठ्याच्या निमित्ताने. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी म्हणून वसवलेले, पुढे औरंगाबाद म्हणून वाढलेले आणि २०२३ पासून आजचे नाव घेतलेले हे दरवाजांचे शहर. प्रवासाला येणारे इथल्या दरवाजांविषयी, पाणचक्कीविषयी, लेण्यांविषयी लिहितात आणि ते योग्यच आहे. मी मात्र आज तुम्हांला शहरातून बाहेर पडणाऱ्या वाटांवर नेणार आहे, आणि तेही दुचाकीच्या सीटवरून. कारण गेली तीस वर्षे कृषी खात्याच्या नोकरीत हा जिल्हा मी तिथूनच पाहिला आहे. घरच्यांनी अलीकडे "आता पुरे करा ती गाडी" असा धोशा लावला आहे. तुमच्याही घरी ही बोलणी निघत असतील. तेव्हा एकदा नीट विचार करावा म्हणतो.

हे शहर आणि दुचाकी यांचे नाते तसे घरचेच आहे. नगर रस्त्यावर वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्यामागोमाग लहानमोठे असंख्य कारखाने आले. गंगापूर-पैठणकडची कितीतरी पोरे तिथे कामाला लागली. आज पाळी सुटायच्या वेळी वाळूज-पंढरपूरच्या रस्त्यावर उभे राहून बघा. बांध फुटल्यावर पाणी धावावे तशा दुचाक्या बाहेर पडतात. एकीकडे बारा तास जागलेला कामगार, दुसरीकडे कंटेनर, मधून रिक्षा, आणि त्यातूनच आपला गंगापूरचा शेतकरी कांद्याच्या बियाण्याची पिशवी हँडलला अडकवून चाललेला. कोणाचीच चूक नाही असे वाटते, आणि तरीही रोज कोणीतरी खाली पडलेले दिसते.

देशाचा हिशेब सांगतो. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. म्हणजे दर शंभरांत चव्वेचाळीस-पंचेचाळीस. त्याच वर्षी हेल्मेट नसलेली ५०,०२९ माणसे दगावली आणि त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. आपल्या महाराष्ट्रातला आकडा १५,२२४. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. अपघात म्हटला की आपल्याला मुंबई-पुणे आठवते; पण देशातल्या या मृत्यूंपैकी दोन तृतीयांश ग्रामीण भागातल्या रस्त्यांवरचे आहेत. हे आपलेच दुखणे आहे.

आता रस्त्याला लागू. जालन्याकडची वाट फार सांगण्यासारखी नाही. शेंद्रा-करमाडपर्यंत ती सरळ, रुंद आणि वेगाची आहे. तिच्या जवळून समृद्धी महामार्ग जातो. त्यावर दुचाकीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. बीडकडची वाटही आता रुंद झाली. रुंद रस्त्याचा धोका वेगळा असतो. दुभाजकातली फट एक-दीड किलोमीटर लांब असते आणि आपले शेत समोर दिसत असते. मग माणूस म्हणतो, एवढ्यासाठी वळसा कुठे घ्यायचा? आणि उलट्या बाजूने गाडी घालतो. काही ठिकाणी तर दुभाजकच फोडून वाट केलेली असते. समोरून ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या मोटारवाल्याच्या स्वप्नातही नसते की इथून कोणी आडवे येईल. रस्त्याने शेत दोन तुकड्यांत तोडले ही आपली तक्रार खरी आहे, पण तिचा निकाल समोरचा ट्रक लावणार नाही.

पैठणची वाट मला फार आवडते. नक्षत्रवाडी, चितेगाव, बिडकीन, ढोरकीन करीत नाथांच्या गावी पोचायचे. पन्नासेक किलोमीटरचा पल्ला. जायकवाडीच्या पाण्याने या भागात ऊस आणला, मोसंबीला आधार दिला. पण दिवाळी झाली की उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात आणि रात्रीची ही वाट बदलून जाते. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वर मोळ्यांचा डोंगर, मागे लोंबणारे वाढे. ट्रॉलीला लाल दिवा असला तरी वाढ्यांखाली झाकला जातो. बैलगाडी असेल तर तेवढाही नाही. पूर्वी खाली कंदील तरी टांगत. समोरून मोटारीचा झगझगीत उजेड डोळ्यांत आला की पुढचे दोन-तीन सेकंद दुचाकीवाला आंधळाच असतो, आणि नेमकी तेवढ्यात ट्रॉली येते.

इथे एक हिशेब मांडतो. शेतकऱ्याला तो पटकन कळेल. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, साधारण दहा मीटरची बाजू. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने चाललात तर धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी सतरा मीटर पुढे जाते. कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लागला तरी थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. म्हणजे एकूण चार गुंठ्यांची बाजू. वेग ४० असेल तर दोन गुंठ्यांच्या किंचित पुढे गाडी उभी राहते. आता तुमच्या गाडीचा दिवा डिपरवर किती लांब दाखवतो ते एखाद्या अंधाऱ्या रात्री बांधावर उभे राहून स्वतःच मोजा. दिसते त्याहून जास्त अंतर थांबायला लागत असेल, तर तुम्ही न दिसणाऱ्या जागेत गाडी घालत आहात. ब्रेकच्या बाबतीतही आपल्याकडे एक खूळ आहे. पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते, म्हणून पुष्कळजण फक्त पायाचा ब्रेक वापरतात. खरे तर थांबवायची मुख्य ताकद पुढच्या चाकातच असते. दोन्ही ब्रेक एकदम, हळूहळू वाढत्या जोराने दाबायचे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांत १२५ सीसीच्या वर एबीएस आणि त्याखाली दोन्ही चाकांना जोडलेला ब्रेक सक्तीचा झाला तो याच कारणाने. जुनी गाडी असेल तर हे काम आपल्या हातापायांनीच करायचे.

कन्नडकडची वाट देखणी आहे. दौलताबादला रस्ता किल्ल्याच्या तटातल्या दरवाजातून जातो. हत्ती-घोड्यांच्या काळची ती कमान, तिथे आज बस, जीप आणि दुचाकी एकाच वेळी तोंड घालतात. पुढे चढण लागते आणि खुलताबाद येते. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीच्या दर्शनाला हजारो माणसे शहरातून रात्री पायी निघतात. अशा रात्री तिकडे दुचाकी घालू नये. घातलीच तर बैलाच्या चालीने. पुढे वेरूळ, मग कन्नड आणि चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट. उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडणारे महाभाग मी पाहिले आहेत. गिअर काढला की इंजिनाची ओढ जाते आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. एवढ्या पेट्रोलमध्ये चहासुद्धा येत नाही!

पण या सहा वाटांत मला सगळ्यांत जास्त शिकवले ते जळगाव रस्त्याने. हर्सूल, सावंगी, चौका, फुलंब्री, आळंद, सिल्लोड आणि पुढे अजिंठा. हा सगळा मक्याचा पट्टा. काही वर्षे हा रस्ता रुंदीकरणासाठी उखडलेला होता, तेव्हा लोक खड्ड्यांना शिव्या देत, आणि त्या रास्तच होत्या. पण शेतकऱ्यांचा माणूस म्हणून एक कडू गोष्ट सांगू का? या वाटेवरच्या गावरस्त्यांवर अपघाताची कितीतरी कारणे आपणच अंथरून ठेवतो. मका आणि सोयाबीन डांबरावर वाळत घालतो आणि कडेने दगड लावतो. पीक निघाले की पीक घरी जाते. दगड तिथेच राहतात. विहिरीवरून पाइपलाइन न्यायला रात्रीत रस्ता आडवा खणतो, वर माती लोटतो. पहिल्या पावसात तो चर खचतो. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर वावरातून थेट डांबरावर येतो आणि चाकांची काळी माती फर्लांगभर सांडत जातो. आपली काळी माती ओली झाली की साबण आहे. वर एक रिमझिम झाली की त्यावर ब्रेक दाबणारा आडवाच होतो.

दगडांचे म्हणाल तर माझ्याही वाट्याला ते आले. कोणी पंक्चर झालेल्या गाडीभोवती मांडून तसेच टाकून दिलेले होते. संध्याकाळची वेळ, वेग तीसच्या आसपास. तरी खांद्याचे हाड मोडले आणि दीड महिना हात गळ्यात राहिला. हेल्मेटवर डाव्या बाजूला वीतभर लांब खरड उठली होती. ती खरड बघून आमच्या सौभाग्यवतींनी एक अक्षर काढले नाही. त्या न बोलण्याचा माझ्यावर जास्त परिणाम झाला.

हेल्मेट म्हटले की आपल्याकडे वाद सुरू होतो. उकडते, ऐकू येत नाही, केस जातात, शेतापर्यंतच तर जायचे. याची एक जुनी हकीकत सांगतो. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स हा इंग्रज सेनानी मोटारसायकलचा मोठा शौकीन होता. मे १९३५ मध्ये सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना तो पडला, डोक्याला मार लागला आणि सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्यांना ते मरण जिव्हारी लागले. त्यांनी लष्करातल्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ मध्ये हेल्मेटची उपयुक्तता मांडली. आज जगभरचे अभ्यास एकत्र करून जो निष्कर्ष निघतो तो असा, की हेल्मेटमुळे मरणाची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होते. आपण बियाण्याला बुरशीनाशक चोळतो ते याहून कमी खात्रीवर. मात्र पट्टा न लावलेले हेल्मेट म्हणजे डोक्यावर ठेवलेली पाटी. पडताना ते आधी निघून जाते. आणि मागे बसलेल्या बाईचे काय? तिचे डोके काही वेगळ्या मातीचे नाही. आपल्याकडे नवरा हेल्मेट घालतो, बायको पदर सावरते आणि पोरगे टाकीवर उघडे बसते. कायद्याने मागच्यालाही हेल्मेट आहे, आणि १५ फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, हेल्मेट आणि ४० ची वेगमर्यादा आहे. पदर आणि ओढणी चाकात जाऊन झालेले अपघात तर तुमच्याही गावात आठवतील. साडीची जाळी दिसायला नको म्हणून काढून टाकणाऱ्या पोरांना मोठ्यांनी खडसावले पाहिजे.

अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या अभ्यासकाने लॉस एंजेलिसच्या परिसरात ९०० मोटारसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले. तो अहवाल १९८१ मध्ये निघाला. त्यात दिसले की दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांश वेळा मोटारवाला आडवा आला होता, कारण दुचाकी त्याला दिसलीच नव्हती किंवा फार उशिरा दिसली. सावरायला मिळणारा वेळ जेमतेम दोन सेकंद. आणि अपघातात सापडलेल्या बहुतेकांना गाडी शिकवली कोणी होती? कोणीच नाही, आपली आपण किंवा भावा-मित्राकडून. हे वाचून मला आपलीच वस्ती आठवली. आपल्याकडे पोरगे पाचवी-सहावीत धाकट्या बैलासारखे जुंपले जाते. पाय टेकत नाहीत, तरी दुधाचा कॅन घेऊन डेअरीला पळते, आणि बाप कौतुकाने सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंडाचे सोडा. दोन सेकंदांत काय करायचे हे त्या पोराला कोणी शिकवलेले नसते, ही खरी गोष्ट आहे.

माझ्या खात्याशी संबंधित दोन गोष्टी आता सांगतो. पहिली फवारणीची. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक माणसे गेली, ते तुम्हांला आठवत असेल. काही कीटकनाशकांचा अंश अंगात गेला की डोळ्यांची बाहुली आकसते, नजर अंधुक होते, डोके गरगरते. दिवसभर पाठीवर पंप घेऊन फवारणारा माणूस संध्याकाळी गाडीला किक मारून निघतो आणि त्याला वाटते की थकवा आहे. त्या दिवशी अंग साबणाने धुऊन, कपडे बदलून मगच निघा. नजर अंधुक वाटली तर गाडीला हात लावू नका, दवाखाना गाठा आणि औषधाचा डबा बरोबर घ्या.

दुसरी गोष्ट कागदाची. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना तुम्ही ऐकली असेल. ज्यांच्या नावाची ही योजना, ते बीड जिल्ह्याचे नेते ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मोटारीच्या अपघातातच गेले. दहा ते पंचाहत्तर वयाचा खातेदार शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातला एक सदस्य अपघातात दगावला तर २ लाख रुपये मिळतात. अपंगत्वालाही मदत आहे. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. हे कागद गोळा करायला मी अनेक घरांत गेलो आहे. एका घरी गेलो तेव्हा पोरगा दूध घालून येताना उसाच्या ट्रॉलीवर गेलेला. म्हातारी चुलीपाशी बसलेली, सून सातबारा आणि आधार कार्ड पुढे ठेवत होती. मी विचारले, गाडी चालवायचा परवाना? ती म्हणाली, "साहेब, गावातल्या गावात कशाला लागतो?" त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मृत माणूस स्वतः गाडी चालवत असेल तर परवान्याचा प्रश्न येतोच, आणि दारू प्यायलेला असेल तर मदत मिळत नाही. परवाना, विमा, सातबारा एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या बाईला सांगून ठेवा. गाडीच्या मालक-चालकाला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घेता येतो. विमा काढताना त्याविषयी एजंटाला स्पष्ट विचारा. वर्षाचा हप्ता एखाद्या खताच्या गोणीहूनही कमी असतो.

आणि रस्त्यात कोणी पडलेला दिसला तर पोलिसांच्या भीतीने पुढे जाऊ नका. १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्यावर नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ मध्ये कायद्याने हे संरक्षण दिले आहे. मान मात्र वाकवू नका, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

आता मूळ प्रश्न. गाडी चालवायची की सोडायची? शहरातला माणूस "सोडा" म्हणून मोकळा होतो. दूध कोण घालणार? लाइट रात्री दहाला येते, मोटार चालू करायला मळ्यात कोण जाणार? एसटी फाट्यावर येते आणि फाटा चार किलोमीटरवर असतो. दुचाकीने आपले कष्ट वाचवले, बाळंतिणीला दवाखान्यात पोचवले, पोरींना कॉलेज दाखवले. तिला सैतान ठरवणे कृतघ्नपणाचे होईल. म्हणून सगळे सोडायचे की सगळे धरायचे, असा प्रश्न मी घातलाच नाही. फेऱ्या एकेक करून मांडल्या, जसा आपण हंगामाचा खर्च मांडतो.

माझे वय पन्नाशीच्या पुढे गेले आहे. साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. दिवसा ते जाणवत नाही. रात्री पैठण रस्त्यावर जाणवते. पन्नास ते पंचावन्नच्या दरम्यान परवाना नवा केला तर तो साठीपर्यंत चालतो आणि पुढे दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो. पण कागद साठीपर्यंत चांगला आहे म्हणून डोळा चांगला आहे असे नव्हे. मी डोळे तपासून घेतले. मोतीबिंदूची सुरुवात आहे. तेव्हा दिवस मावळल्यावरची गाडी बंद केली. महामार्गावरून शहरात जाणे बंद केले. तालुक्यातल्या गावभेटी दिवसा, चाळीसच्या आत, पट्टा लावलेल्या हेल्मेटनिशी चालू ठेवल्या. पावसाची पहिली सर आली की थांबायचे. पहिल्या पाण्यात डांबरावरचे तेल आणि धूळ वर येते, अर्ध्या तासाने ती वाहून जाते.

तुमचा हिशेब वेगळा निघेल. पंचविशीतल्या पोराला रात्रीचा उजेड पुरेल, पण त्याला वेगाची आणि मोबाइलची बाधा असेल. त्याच्यासाठी गाडी नको असे नाही, तर आधी पक्का परवाना आणि मग किल्ली. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या बाबांना उपाशीपोटी गाडीवर चक्कर आली असेल, तर त्यांच्यासाठी उत्तर दिवसासुद्धा "नाही" असेच आहे; मग वाईट वाटो की राग येवो. ज्यांच्याकडे ट्रॉली आहे त्यांनी मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी चमकपट्टी लावावी. गाळपाच्या दिवसांत वाढे कापून टाकावीत, दिवा उघडा राहतो.

शहरात जायचे असेल तेव्हा मी आता गाडी फाट्यावरच्या चहावाल्याच्या छपरात लावतो, हेल्मेट त्याच्या फळीवर ठेवतो आणि एसटी धरतो. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मे तिकीट आहे, म्हणून सौभाग्यवतीही आता बरोबर येतात. परतायला उशीर झाला तर गाडी रात्रभर तिथेच राहते आणि आम्ही फाट्यावरून एखाद्या ओळखीच्या जीपने घरी येतो. सकाळी पायी जाऊन ती आणतो. चार किलोमीटरला पाऊण तास लागतो.